नगरलक्ष्मीचा समन्वयक

पैसा म्हणजे दुसरं तिसरं काही नसून माणसाने माणसावर टाकलेला विश्वास होय.

हे वाक्य मी आष्ट्याच्या पेठेत, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, झेंडूच्या माळांनी मढवलेल्या मांडवातून ध्वनिक्षेपकावर उच्चारलं. टाळ्या पडल्या. त्या वाक्याला नव्हत्या. रस्त्याच्या टोकाला पाहुण्यांची गाडी वळली होती आणि लोक उठून उभे राहिले होते. वाक्य पुन्हा म्हणावं की नाही, याचा विचार करेपर्यंत माईक माझ्या हातातून गेला होता.

त्याआधी आष्ट्यातल्या कुठल्याही मंचावर मी चढलो नव्हतो. मी मूळचा लोणंदचा. नोकरी सांगलीच्या एका महाविद्यालयात, ग्रंथपालाची. घर मात्र आष्ट्यात, कारण बायको इथल्या प्राथमिक शाळेत शिकवायची आणि रोजचा एसटीचा प्रवास दोघांपैकी एकाने केला तरी पुरे, असं तिचं म्हणणं होतं. तो एक मी झालो. सकाळी गाव सोडायचं आणि दिवेलागणीला परतायचं, यात नोकरीची सगळी वर्षं गेली. परिणामी निम्मी पेठ तिच्या हाताखालून शिकून गेली होती आणि मला एसटीचे वाहक ओळखत होते. गावात माझं नाव ‘बाईंचे मालक’. आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात. त्यात मालकीचा काही संबंध नसतो.

मी निवृत्त झालो आणि त्याच वर्षीच्या थंडीत ती गेली. मुलगी बंगळुरूला असते, रविवारी फोन करते. बाकीच्या दिवसांचं काय करायचं हे मला ठाऊक नव्हतं. किराण्याच्या दुकानात जाऊन मी जिनसांची नावं सांगायचो, दुकानदार त्या काढून पुढ्यात ठेवायचा, मी पिशवीत भरायचो. तिच्याशी त्याचं बोलणं संपता संपत नसे, हे मला तिच्याकडून कळलेलं होतं. माझ्याशी ते सुरूच होत नसे. मी थोडा वेळ उभा राहायचो, मग घरी यायचो.

शाळेच्या निरोप समारंभातला तिचा एक फोटो मोठा करून मी पेठेतूनच चौकटीत बसवून आणला. मागचा पुठ्ठा सैल राहिला. पंखा लावला की चौकट भिंतीवर टकटक वाजायची. घरात बोलणारं तेवढंच उरलं होतं म्हणून मी ती दुरुस्त केली नाही, असं लिहिलं तर बरं दिसेल. खरं म्हणजे हातोडी कुठे ठेवलेली असते हे तिला माहीत होतं, मला नव्हतं.

त्या काळात एका दुपारी शेठ घरी आले. शेठ म्हणजे पेठेतले कापड दुकानदार, व्यापाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष, आणि माझ्या बायकोच्या अगदी पहिल्या वर्गातले विद्यार्थी. त्यांनी आल्या आल्या फोटोला हात जोडले, खुर्चीत बसले आणि थोडा वेळ ऐकत राहिले.

“बाईंचा फोटू वाजतोय, सर,” ते म्हणाले. “मागं कागदाची घडी घाला.”

बघतो, म्हटलं.

मग त्यांनी कामाचं काढलं. उसाचं बिल आष्ट्यात जमा होतं आणि सांगलीत खर्च होतं, ही त्यांची तक्रार. लोक लग्नाचा बस्ता सांगलीला जाऊन बांधतात आणि विसरलेले टॉवेल-टोपी लग्नाच्या आदल्या दिवशी आष्ट्यात शोधतात. राहिलेलं मोबाईलवर मागवतात. पेठेला मीठ आणि काडेपेटी तेवढी उरली. सांगलीतल्या कुठल्याशा शिबिरात शेठनी ऐकलं होतं की परदेशात काही गावांनी आपल्या दुकानांपुरतं चालणारं कुपन काढलं. ते गावाबाहेर चालत नाही, त्यामुळे गावातच हातोहात फिरत राहतं, आणि एकाचा धंदा दुसऱ्याला धंदा देतो. अशा प्रयोगांबद्दल मी वाचलं होतं. त्यातले बरेच बंद पडले असंही वाचलं होतं. दोन्ही सांगितलं. शेठना त्यातलं पहिलं आवडलं.

रुपये घेऊन कुपनं द्यायला, कुपनं घेऊन रुपये परत करायला आणि सगळ्याची नोंद ठेवायला एक माणूस हवा होता. मीच का, असं मी विचारलं. पेठेत शिकलेल्यांची वानवा नव्हती, पदाची हौस असलेल्यांची तर मुळीच नव्हती.

“त्योच तर घोळ हाय,” शेठ म्हणाले. “किराणेवाल्याला केला की त्येची भावकी येती. एका सोनाराला केला की दुसरा येत न्हाई. तुमची भावकी न्हाई हितं, पावणं न्हाईत, दुकान न्हाई, पार्टी न्हाई. आवं, तुमाला कोनच न्हाई. तुमच्यावर संशय कोन घील?”

यात टोमणा नव्हता. एखाद्याच्या पदवीचा उल्लेख करावा तसं त्यांनी ते आदराने म्हटलं. जी गोष्ट मी घरात झाकून ठेवत होतो ती पेठेला पात्रता म्हणून हवी होती. अशा वेळी ‘विचार करून सांगतो’ म्हणायची रीत आहे. पण विचार करून होईपर्यंत ते परत आलेच नाहीत तर, असं मनात आलं आणि मी लगेच हो म्हटलं. पद अर्थातच मानद होतं. मानद म्हणजे ज्यात मान लोकांचा आणि धावपळ आपली.

नियमावली मी लिहिली. आयुष्यभर पुस्तकं देण्याघेण्याचे नियम लावले होते, तेच थोडे बदलले. ग्रंथालयात शेवटचं पुस्तक परत आल्याशिवाय वर्षाची मोजणी बंद करता येत नाही; त्या सवयीने इथेही लिहिलं की शेवटचं कुपन परत येईपर्यंत योजना बंद होणार नाही आणि तोवर समन्वयक पदावर राहील. बैठकीत नियमावली वाचायला प्रत्येकाला एक प्रत दिली. त्यावर भजी ठेवून खाल्ली गेली.

बैठकीचा वेळ नावाने घेतला. ‘ग्रामलक्ष्मी’ हे नाव जवळजवळ ठरलं होतं, तेवढ्यात एक जण उठला आणि आष्ट्याला नगरपालिका असताना ग्राम म्हणवून घेणं हा अपमान आहे म्हणाला. म्हणून ‘नगरलक्ष्मी’. कुपनावर चित्र कोणाचं छापायचं यावर त्याहून जास्त वेळ गेला असता, कारण पेठेतल्या प्रत्येक आळीला स्वतःचा एक थोर पुरुष आहे. नाव लक्ष्मीचं आहे तर चित्रही तिचंच, असा तोडगा शेठनी काढला. तिला भावकी नसते. म्हणजे आमच्या दोघांची निवड एकाच निकषावर झाली. शेवटी मंडळाच्या वकिलांनी सांगितलं की नोट, चलन, मुद्रा यातला एकही शब्द वापरलात तर अडचण येईल. तेव्हा सांगलीच्या छापखान्यातून सोनेरी किनारीची, कमळातल्या लक्ष्मीची, दहा रुपयांची जी कुपनं आली त्यांच्या तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं: ‘हे चलन नव्हे.’

मुहूर्त ठरवताना मात्र सगळ्यांचं एकमत झालं. लक्ष्मीपूजन. दुसरा दिवस कोणी सुचवलासुद्धा नाही.

आता, लक्ष्मीपूजनाला व्यापारी काय करतो हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही होतं. त्या दिवशी तो लक्ष्मी घरात घेतो. कोणाचं देणं असेल तर दुपारच्या आत भागवून टाकतो. संध्याकाळी पूजा मांडली की गल्ल्यातून रुपया बाहेर काढत नाही. आणि पूजेत ठेवलेली नोट तर कोणीच मोडत नाही, ती देव्हाऱ्यात राहते. हातोहात फिरावं म्हणून काढलेलं कुपन आम्ही वर्षातला नेमका तो दिवस निवडून वाटलं, ज्या दिवशी पेठेतला एकही हात सैल होत नाही. वर त्यावर लक्ष्मी छापली. याला कोणी घाई म्हणू शकणार नाही. आम्ही पंचांग बघून केलं.

पाहुण्यांचं भाषण झालं. त्यांनी आष्ट्याच्या या पावलाकडे देश बघतो आहे असं सांगितलं आणि घड्याळाकडे बघितलं. मग रुपये आधीच भरलेल्या एकेका दुकानदाराला त्यांच्या हस्ते कुपनांचं पाकीट मिळालं. दुकानदारांनी ते कपाळाला लावलं, लगबगीने आपापल्या दुकानात नेलं, वहीशेजारी चौरंगावर ठेवलं आणि हळदकुंकू, अक्षता, लाह्या-बत्तासे वाहिले. दारांना केळीचे खुंट बांधलेले, आत समया, आणि प्रत्येक चौरंगावर सोनेरी किनारीचं पाकीट. दृश्य फार सुंदर होतं. पहिलं कुपन, क्रमांक एक, पाहुण्यांनी मंचावर मला दिलं होतं. मी ते घरी नेऊन वाचत होतो त्या पुस्तकात खुणेला घातलं.

दिवाळी संपली. मी ओसरीत टेबल मांडलं, शेजारी एक जास्तीची खुर्ची ठेवली आणि लोकांची वाट बघायला लागलो. पहिले काही दिवस वाटलं सुट्टीचा परिणाम आहे. मग वाटलं लोकांना माझं घर सापडत नसेल. शेवटी मी उठून पेठेत गेलो.

पहिल्यांदा पिठाच्या गिरणीत. गिरणी चालवणारी बायकोचीच विद्यार्थिनी. केसांवर पिठाचा थर, पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय. कुपनांचं काय केलं, विचारलं तर तिने वर बोट दाखवलं. गिरणीच्या भिंतीवर, पीठ उडणार नाही अशा उंचीवर, एक फळी, फळीवर देव, देवांच्या मध्ये पाकीट.

“आवं, हळदकुंकू लावलंय की त्येला,” ती म्हणाली. “आता काय चप्पलवाल्याला देऊ व्हय?”

चप्पलवाल्याने ते आणखी वर ठेवलं होतं. स्टुलावर चढून त्याने मला लांबून दर्शन घडवलं. पायताणाच्या दुकानात लक्ष्मी आली हेच लय झालं, तिला परत पायताणासंगं कशी धाडू, असं तो म्हणाला. मी त्याला समजावलं की हा कागद आहे, त्यावरचं चित्र आहे, चलनाचं मोल ते देण्यात असतं, ठेवण्यात नाही. तो अगदी मन लावून ऐकत होता. बोलणं संपल्यावर म्हणाला, “बाई पण अशाच समजावून सांगायच्या.” आणि त्याने चहा मागवला.

असं दुकानागणिक झालं. कोणी मला खोटं पाडलं नाही. सगळ्यांना योजना पटली होती, सगळ्यांना ती दुसऱ्याने सुरू करायला हवी होती. प्रत्येक ठिकाणी चहा आला, आणि चहाबरोबर ती आली. कोणाला तिने पाढे चुकल्यावर पट्टीने मारलं होतं, कोणाच्या आजारी आईला बघायला ती छत्री घेऊन गेली होती. किराणा दुकानदाराला इतका वेळ बोलता येतं हे मला प्रथमच कळलं.

“बाई सांगायच्या,” तो म्हणाला, “आमचे मालक पुस्तक उघडं ठिवून झोपत्यात. आपन बंद केलं की जागं हुत्यात.”

मी हसलो. घरातल्या या गोष्टी पेठेला माहीत होत्या. पेठेतल्या मला नव्हत्या. तिच्या आयुष्याचा एक मोठा भाग इथे, गोणींच्या आणि कापडाच्या ताग्यांच्या मधे, आठवणींच्या रूपाने पडून होता, आणि तो ऐकायचा तर कुपनाचं निमित्त काढून रोज दाराशी जावं लागत होतं. त्या दिवसांत मी सकाळी लवकर उठून दाढी करायला लागलो.

शेठना मात्र चिंता वाटत होती. त्यांनी दुसरी छपाई करून घेतली, या वेळी लक्ष्मीऐवजी बैलजोडी. लोकांनी ते कुपन हातात घेऊन उलटसुलट केलं आणि खताची जाहिरात समजून परत दिलं. समजावलं तेव्हा काहींनी दबक्या आवाजात विचारलं की खरं कुपन शिल्लक नाही का, लक्ष्मीचं.

तेव्हा बैलजोडीची कुपनं फिरती ठेवायचं काम मीच हाती घेतलं. पेन्शनमधले रुपये योजनेच्या पेटीत टाकायचे, कुपनं घ्यायची, पेठेत खर्चायची. दुकानदार ती संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी मला परत देऊन रुपये घेऊन जायचे. किंवा मीच रुपये पोचवायचो, कारण त्यांना दुकान सोडून येणं जमत नसे. चलन फिरत होतं, यात शंका नाही. माझ्यापासून निघून माझ्याकडे येत होतं. अर्थशास्त्रात याला काय म्हणतात मी शोधलं, सापडलं नाही.

खर्च करायचा म्हणजे काही विकत घ्यायला हवं. एकट्या माणसाला फार काही लागत नाही. मी चपला घेतल्या, मग पावसाळी चपला घेतल्या. शेठकडून टॉवेल घेतले. दळणाची मात्र सोय होती. गहू थोडेथोडे नेले की गिरणीत दोनदा जाता येई.

“सर, एवढ्याशा दळनाला पट्टा फिरवायचा मंजे जात्याला लाज वाटती,” गिरणीवाली म्हणायची. “बाई आठवड्याचं एकदम आनायच्या.”

“ताजं पीठ बरं असतं,” मी म्हणायचो.

ती डबा घ्यायची आणि आधीच्या माणसाचं दळण संपेपर्यंत मला बाकावर बसवायची. तिथे बसलेल्या बायका माझ्याकडे बघून पदर सावरायच्या आणि मग विसरून पुन्हा बोलायला लागायच्या. पीठ अंगावर उडायचं. घरी गेल्यावर ते झटकायची मला घाई नसे.

हळूहळू माझं नावही बदललं. एक दिवस रस्त्यात मला कोणी ‘लक्ष्मीवाले सर’ म्हटलं. ‘बाईंचे मालक’ मागे पडलं. याचा आनंद मानावा की नाही हे मला ठरवता आलं नाही; घरी येऊन फोटोकडे बघितलं, तो वाजत होता.

दुसरी दिवाळी महिन्यावर आली तेव्हा साताऱ्याहून निमंत्रण आलं. स्थानिक अर्थव्यवस्थेवर एक दिवसाची परिषद, आणि त्यात आष्ट्याचा यशस्वी प्रयोग म्हणून आमचा सत्कार. यशस्वी हा शब्द त्यांचा. शेठ फेटा बांधून घ्यायला तयार होते. मी नको म्हटलं तर आयोजकांना वाईट वाटलं, कारण फेटे माणशी मोजून आणले होते. तो मी मांडीवर घेऊन बसलो. व्यासपीठावरचे एक विद्वान आमच्या अहवालातली एक ओळ वाचून फार खूश झाले. असल्या योजनांमध्ये कुपनं गावाबाहेर झिरपतात, हरवतात, फाटतात, असं त्यांनी सांगितलं, आणि आष्ट्यात वर्षभरात एकही कुपन गावाबाहेर गेलं नाही, एकही फाटलं नाही, हे या क्षेत्रातलं आश्चर्य आहे. शिस्त हा शब्द त्यांनी वापरला. शेठनी माझ्याकडे बघितलं. मी फेट्याकडे बघितलं. टाळ्या पडल्या, आणि या वेळी खरोखर आम्हालाच होत्या.

परत येताना शेठची गाडी. मागच्या सीटवर दोन शाली, दोन नारळ, दोन फेटे. कराड सोडल्यावर उसाचे ट्रॅक्टर लागले, त्यांच्यामागे गाडी हळू झाली, तेव्हा शेठ बोलले.

“सर, ह्या पाडव्याला बंद करूया.”

मी ट्रॅक्टरच्या मागे लोंबणारा ऊस बघत होतो.

“कोन काय बोलत न्हाई, पर चालत न्हाई हे दिसतंय,” ते म्हणाले. “आन तुमाला लय धावपळ हुती. ह्या वयात दुकान-दुकान फिरायचं. बाई असत्या तर मला रागवल्या असत्या.”

“मला धावपळ होत नाही,” मी म्हटलं.

“मग काय हुतंय?”

ते सहज विचारत होते. खरं उत्तर एका वाक्यात देता आलं असतं. गाडीत आम्ही दोघंच होतो, रस्ता लांब होता, ट्रॅक्टर पुढे सरकत नव्हता. योजना बंद झाली की मला पेठेत जायला कारण उरत नाही, एवढंच म्हणायचं होतं. तेवढं सोडून मी त्यांना पेटीत किती रुपये शिल्लक आहेत आणि कोणाकोणाला परत द्यायचे आहेत ते सविस्तर सांगितलं. ते बरं, बरं म्हणत राहिले. आष्टा येईपर्यंत माझा अहवाल पुरला.

बंद करायचं तर कुपनं परत यायला हवीत. बैलजोडी माझ्याकडेच होती. लक्ष्मीचा प्रश्न होता. पूजेतली लक्ष्मी रुपये घेऊन परत करायची म्हणजे विकायची, आणि ते कोणी करेना. उपाय पुन्हा शेठनीच काढला. देवाचं जुनं चित्र आपण टाकत नाही, पाण्यात सोडतो. पाडव्याला सगळ्यांनी आपापली पाकिटं माझ्या घरी आणून द्यावीत, देव्हाऱ्यात ठेवायला बदली कोऱ्या नोटा घ्याव्यात, आणि कुपनांचं कृष्णेत रीतसर विसर्जन होईल. जी गोष्ट वर्षभर अर्थशास्त्राने झाली नाही ती यामुळे एका सकाळी झाली.

पाडव्याला माझ्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. गिरणीवाली केस धुऊन आली होती, मी तिला ओळखलंच नाही. चप्पलवाला पाकीट डोक्यावर धरून आला आणि चपला फाटकाबाहेर काढून आत आला. माणसं येत होती, आधी फोटोसमोर उभी राहत होती, मग टेबलाशी येत होती. चहा करायला गिरणीवालीने स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि साखरेचा डबा कुठे आहे हे मला न विचारता शोधून काढला. जास्तीच्या खुर्चीवर पहिल्यांदाच कोणी ना कोणी बसलेलं होतं. एवढा आवाज त्या घरात ती असतानाही झाला नसेल. दुपारी सगळं एका टेंपोत भरलं आणि मंडळी कृष्णेवर गेली. टेंपोत पुढे जागा होती, मला बोलावलं होतं. पण कोणीतरी मागे थांबून नोंदींची जुळवाजुळव करायला हवी होती, ते समन्वयकाचं काम. फाटकाबाहेर आवाज दूर गेला. कपांवर माशा बसायला लागल्या. मी पंखा लावला आणि फोटो वाजायला लागला.

नोंदींप्रमाणे एक कुपन कमी होतं.

विसर्जन आटोपून शेठ आले तेव्हा मी त्यांना तसं सांगितलं. कोणतं, तेही सांगितलं. ते टेबलाच्या कडेला टेकले.

“शेवटचं आल्याबिगर योजना बंद हुत न्हाई म्हणं,” ते म्हणाले. म्हणजे भजी खाताना एकाने तरी नियमावली वाचली होती.

“होत नाही,” मी म्हटलं.

“आन समन्वयक?”

“तोही राहतो.”

“मग आता?”

“सापडेल,” मी म्हटलं.

ते गेल्यावर मी शेल्फातलं पुस्तक काढलं. कुपन होतं तिथेच होतं. मधल्या वर्षात मी त्या पानाच्या पुढे गेलेलो नव्हतो. सोनेरी किनार अजून चकचकीत होती. हळदकुंकवाचा डाग नव्हता, आमच्याकडे त्या दिवशी पूजा झाली नव्हती. मी फोटो भिंतीवरून उतरवला, कुपनाची चौपदरी घडी केली, चौकट आणि पुठ्ठा यांच्या फटीत घट्ट बसवली आणि फोटो परत लावला. मग पंखा पाचवर करून बराच वेळ ऐकलं. काही ऐकू आलं नाही.

पुढच्या महिन्यात शेठ येऊन गेले. कुपन घावलं का, विचारलं. अजून नाही, म्हटलं. ते बसले. पंखा चालू होता. त्यांनी एकदा वर पंख्याकडे बघितलं, मग फोटोकडे, आणि मग बराच वेळ फोटोकडेच.

“वाजायचा थांबला की फोटू.”

“हो. कागदाची घडी घातली.”

“बरं केलं,” ते म्हणाले. आणि मी चहाचं विचारायच्या आत म्हणाले, “साखर कमी घाला.”

तेव्हापासून ते महिन्यातून एकदा येतात, कुपन सापडलं का विचारतात, चहा घेतात आणि जातात. मंडळाच्या बैठकीत ते दरवेळी सांगतात की तपास चालू आहे आणि तोवर सरच समन्वयक राहतील. मधूनमधून मी तपासासाठी पेठेत जाऊन येतो. किराणा दुकानदार, चप्पलवाला आपल्या परीने फळी, ड्रॉवर उघडून बघतात. गिरणीत बाकावर बसून मी चौकशी करतो. बाकीचा वेळ घरी असतो. फोटो आता वाजत नाही, आणि वाजेल असं दुसरं काही घरात नाही.

कुपन दहा रुपयांचं आहे. ते परत करायची मुदत पाडव्यालाच संपली.